निरोप खरा कशावरून?

नगरधनच्या मातीतल्या मुद्रेपासून इंटरनेटवरच्या एका साध्या मजकुराच्या ओळीपर्यंत

'मेघदूत' म्हटलं की आषाढ आठवतो, टेकडीला टेकलेला ढग आठवतो, विरह आठवतो. पण काव्याच्या अगदी शेवटाकडे यक्षापुढे जी व्यवहारातली अडचण उभी राहते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. निरोप्या म्हणजे एक ढग. अलकानगरीतल्या बायकोने त्याला कधी पाहिलेलं नाही. त्याने खिडकीशी येऊन 'तुझा नवरा खुशाल आहे' म्हटलं, तर तिने ते का मानावं? यक्ष यावर तोड काढतो. एका रात्री ती त्याच्या गळ्यात हात टाकून झोपली होती आणि एकाएकी रडत उठली. काय झालं म्हणून त्याने पुन्हापुन्हा विचारलं, तेव्हा मनातल्या मनात हसत तिने सांगितलं, की स्वप्नात तू लबाड दुसरीबरोबर रमलेला दिसलास. ही गोष्ट दोघांखेरीज तिसऱ्याला ठाऊक असणं शक्य नाही. तेवढी खूण सांग, म्हणजे निरोप माझाच आहे हे तिला पटेल, असं तो ढगाला बजावतो.

यक्ष ज्या डोंगरावरून हा निरोप धाडतो, तो रामगिरी म्हणजेच नागपूर जिल्ह्यातलं रामटेक, असं म. म. वा. वि. मिराशींनी हिरिरीने मांडलं. टीकाकार मल्लिनाथाने तो चित्रकूट मानला होता, आणि छत्तीसगडच्या रामगढचाही दावा आहे. वाद काही असो, रामटेकने कालिदासाला आपलं मानलं आहे. टेकडीवर त्याचं स्मारक आहे, १९९७ साली स्थापन झालेल्या संस्कृत विश्वविद्यालयाला त्याचं नाव आहे आणि १९८५ पासूनच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पाटीवरही 'कविकुलगुरू' आहे.

यक्षाची अडचण मात्र आज रोज सकाळी मोबाइल उघडणाऱ्या प्रत्येकाची झाली आहे. कॉलेजच्या नावाने मेल येतो: परीक्षा शुल्क या खात्यात भरा. बँकेच्या नावाने येतो: केवायसी संपली, इथे दाबा. संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाने लेखनिकाला येतो: सोबतचं बिल आजच्या आज चुकतं करा. पाठवणाऱ्याच्या जागी नाव अगदी बरोबर दिसतं. ते दिसणारच. ई-मेलची वाहतूक ज्या नियमांवर चालते, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. त्या काळच्या जाळ्यावर मोजक्याच संस्था होत्या आणि एकमेकांवर विश्वास होता. पाठवणारा आपलं नाव खरं लिहितो की खोटं, हे तपासायची सोयच त्या नियमांत नव्हती.

ती सोय पुढे झाली, तीही एका अनपेक्षित जागी. इंटरनेटवरच्या नावांची जी जगभर पसरलेली नोंदवही आहे, तिच्यातल्या सर्वांत साध्या नोंदीत. तिला 'टीएक्सटी रेकॉर्ड' म्हणतात, म्हणजे निव्वळ मजकुराची नोंद. संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्याला ही नोंद रोजची झाली आहे. बाकीच्यांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं, आणि आपला मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडणार की स्पॅममध्ये जाणार, हे बरंचसं तीच ठरवत असते.

राणीची मुद्रा

रामटेकपासून चार कोसांच्या आत नगरधन आहे. भोसल्यांचा किल्ला पाहायला लोक तिकडे जातात. वाकाटकांच्या काळी हेच नंदिवर्धन, राजधानीचं गाव. महाराष्ट्र शासनाचं पुरातत्त्व खातं आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ या काळात इथे उत्खनन केलं, तेव्हा एक लहानशी मातीची मुद्रा हाती लागली. आकार लंबगोल, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन साडेसहा ग्रॅमच्या आत. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्ता हे नाव. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक रुद्रसेनाची राणी. नवऱ्याच्या मागे मुलगा लहान म्हणून तिने राज्य स्वतः चालवलं. ओल्या मातीवर कोरीव शिक्का दाबायचा आणि तो ठसा पत्राला किंवा गाठोड्याला लावायचा, हे अशा मुद्रेचं काम.

तिची दोन दानपत्रं प्रसिद्ध आहेत. पुण्यात मिळालेला ताम्रपट तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षी नंदिवर्धनाहून निघाला. दंगुण नावाचं गाव चनालस्वामी या आचार्यांना दिल्याची ती सनद. ताम्रपटाची कडी ज्या मुद्रेने बंद होते, तिच्यावर हे युवराजाच्या आईचं शासन आहे, अशा अर्थाचा श्लोक कोरलेला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा दुसरा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून, म्हणजे रामटेकच्या देवस्थानातून दिलेला आहे.

यक्षाची खूण आणि राणीची मुद्रा यांत मोठा फरक आहे. खूण दोघांतच राहते. ती आधीपासून ओळख असलेल्यांनाच उपयोगी, आणि एकदा फुटली की संपली. मुद्रेचं तसं नाही. दंगुण गावचा पाटील राणीला कधी भेटला नसेल, पण राणीची मुद्रा कशी असते हे त्याला माहीत असणं शक्य होतं. अनोळखी माणसालाही पडताळा घेता यावा, यासाठी ओळखीची खूण जाहीर असावी लागते. राज्य चालवायचं तर ते हवंच.

मुद्रेतही एक उणीव होती. ठशातच शिक्क्याचा आकार असतो. हुशार सोनाराने मूळ ठसा समोर ठेवून तसाच शिक्का घडवला, तर कोण अडवणार? जमिनीच्या लोभाने केलेले बनावट ताम्रपट आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. जे. एफ. फ्लीट यांनी तर अशा खोट्या लेखांची यादीच छापली होती. म्हणून वाकाटकांचे लेख संपादित करताना मिराशींसारखा अभ्यासक केवळ मुद्रा पाहून थांबत नाही. अक्षरांचं वळण, वंशावळ, गावांची नावं, सगळं ताडून बघतो. जाहीर असावी पण नक्कल करता येऊ नये, अशी खूण मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

शेऱ्याचा रकाना

सुरुवातीच्या जाळ्यावर कुठल्या यंत्राचा पत्ता काय, याची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. फाइलचं नाव 'होस्ट्स डॉट टीएक्सटी'. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, आणि बाकीच्यांनी ती यादी वेळोवेळी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत मोडकळीला आली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळा विचार मांडला. एकच यादी नको. ज्याचं नाव त्याने आपल्यापुरती वही ठेवावी, आणि कोणाची वही कुठे आहे एवढंच वरच्याने सांगावं. नोव्हेंबर १९८७ मध्ये हे नियम पक्के झाले आणि डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, आजही मुख्यतः त्यांवरच चालते.

डोमेनच्या या वहीत नोंदींचे प्रकार ठरलेले आहेत. 'ए' प्रकारात यंत्राचा आकडी पत्ता. 'एमएक्स'मध्ये या नावाचा मेल कुठे पोचवायचा ते. 'एनएस'मध्ये ही वही कोणत्या सर्व्हरवर आहे ते. प्रत्येकाचा साचा पक्का, वेडंवाकडं काही लिहिता येत नाही. सोळाव्या क्रमांकाचा प्रकार मात्र मोकळा ठेवला: टीएक्सटी. त्याबद्दल १९८७ च्या नियमांत दोन-तीनच वाक्यं आहेत. यात वर्णनपर मजकूर ठेवावा, आणि त्याचा अर्थ ज्या डोमेनमध्ये तो असेल त्यावर अवलंबून राहील, इतकंच. सातबाऱ्याला शेवटी जसा शेऱ्याचा रकाना असतो, तसाच हा प्रकार: कायद्याने त्याच्यात काय असावं हे कोणी बांधून दिलेलं नाही, म्हणूनच जे कुठे बसत नाही ते सगळं तिथे येऊन बसतं.

एकच मर्यादा घातली होती. मजकुराच्या प्रत्येक तुकड्यापुढे त्याची लांबी एका बाइटमध्ये लिहायची. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणून एक तुकडा फार तर २५५ बाइटचा. त्याहून मोठं काही लिहायचं तर एकाच नोंदीत दोन-तीन तुकडे करायचे, वाचणारा ते सलग जोडून घेतो. नागरी लिपीतला मजकूर आजच्या युनिकोड पद्धतीने ठेवला, तर एकेका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एका तुकड्यात ८५ चिन्हं. तो नोंदवता येतो, पण तपासायचं साधन तो सरळ दाखवत नाही. 'राम' लिहिलं तर त्यातला 'र' पडद्यावर '\२२४\१६४\१७६' असा उमटतो. ही नोंद यंत्रांनी वाचायची आहे, हे तेवढ्यावरूनच कळतं.

१९९३ साली कोणीतरी सुचवलं की या रकान्यात 'अमुक = तमुक' अशा जोड्या लिहाव्यात. त्या वेळी फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पण बरोबरच्या चिन्हाची ती सवय टिकली. आज बहुतेक टीएक्सटी नोंदींत मध्ये 'बरोबर' असतं.

एक ओळ वाचून पाहू

समजा, रामटेकच्या एखाद्या वाचनालयाने स्वतःचं डोमेन घेतलं. वर्गणीच्या पावत्या आणि दिवाळी अंकांच्या योजनेची पत्रकं ते मेलने पाठवतं. त्याच्या डोमेनखाली अशी ओळ असेल:

व्ही=एसपीएफ१ आयपी४:२०३.०.११३.२५ इन्क्लूड:मेलकंपनीचं-डोमेन -ऑल

प्रत्यक्षात ही ओळ रोमन अक्षरांत लिहितात. त्यातला आकडी पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे. पहिला शब्द सांगतो की ही 'सेंडर पॉलिसी फ्रेमवर्क', म्हणजे एसपीएफ, या पद्धतीची नोंद आहे. दुसरा म्हणतो, या पत्त्यावरच्या यंत्राने आमच्या नावाने मेल पाठवला तर तो आमचा. तिसरा म्हणतो, या मेल कंपनीने स्वतःच्या वहीत जी यंत्रं लिहिली आहेत, तीही आमची समजा. शेवटच्या 'ऑल'मध्ये बाकीचं सगळं जग येतं, आणि त्यापुढची वजाबाकीची खूण म्हणजे ते आमचं नाही. तिथे वजाबाकीऐवजी '~' असेल, तर 'बहुधा आमचं नाही, जरा संशयाने बघा' असा सौम्य अर्थ होतो. अधिक असेल, तर सगळ्या जगाला आमच्या नावाने लिहायची मुभा. असंही लिहून ठेवणारे असतात.

मेल घेणारा सर्व्हर काय करतो? पाठवणारं यंत्र दाराशी आलं की त्याचा आकडी पत्ता बघतो, ते ज्या डोमेनचं नाव सांगतं त्या डोमेनची टीएक्सटी नोंद मागवतो आणि पत्ता त्यात आहे का ते पाहतो. कुठे संकेत ठरलेला नाही, काही गुपित नाही. ओळ जगजाहीर आहे, तुम्हीआम्हीही वाचू शकतो. ती लिहिण्याचा अधिकार मात्र ज्याच्या ताब्यात डोमेन आहे त्यालाच. सगळी मदार या एका गोष्टीवर आहे.

चुका इथेच होतात. मेल कंपनी बदलली की नवा कारागीर जुनी ओळ तशीच ठेवून खाली दुसरी लिहितो. एका नावाला अशा दोन ओळी असल्या, की नियमाप्रमाणे दोन्ही बाद. 'इन्क्लूड' वाढत जातात: वर्गणीचं सॉफ्टवेअर, फॉर्म भरून घेणारी सेवा, पत्रकं पाठवणारी कंपनी. ओळ वाचताना दहापेक्षा जास्त वेळा दुसऱ्या वह्या धुंडाळाव्या लागल्या, तरी ती बाद ठरते. काम सोडून गेलेल्या एजन्सीचं नाव वर्षानुवर्षं राहतं, आणि ती एजन्सी तुमच्या नावाने पत्र पाठवायला अधिकृतच राहते.

एक गमतीची गोष्ट म्हणजे या पद्धतीला स्वतःचा वेगळा रकानाही दिला होता. २००६ साली ९९ क्रमांकाचा नवा नोंदप्रकार खास तिच्यासाठी काढला. पण जगभरच्या जुन्या सर्व्हरांना, फायरवॉलना आणि होस्टिंगच्या फॉर्मना नवा प्रकार कळेना. लोक शेऱ्याच्या रकान्यातच लिहीत राहिले. शेवटी २०१४ च्या एप्रिलमध्ये नवे नियम आले, ९९ क्रमांक बंद झाला आणि टीएक्सटीवर शिक्कामोर्तब झालं. इंटरनेटच्या जाणत्यांनी २००९ साली लेखी सांगितलं होतं, की दर नव्या कामासाठी नवा प्रकार काढा, टीएक्सटीत कोंबू नका. त्यांचं चूक नव्हतं. पण नवा प्रकार जगभर समजायला वर्षं लागतात आणि टीएक्सटी आजच चालतं. सोय जिंकली.

नक्कल न होणारी मुद्रा

या पहिल्या ओळीत एक फट आहे. वाचनालयाच्या सभासदाने आपला जुना मेल पत्ता नव्या पत्त्याकडे वळवला असेल, तर पत्र मधल्या यंत्राकडून पोचतं. त्या यंत्राचा पत्ता वाचनालयाच्या यादीत नसतो, आणि खरं पत्र खोटं ठरतं. म्हणून कोणत्या यंत्राने आणलं यापेक्षा पत्रावरच्या सहीकडे पाहणारी दुसरी पद्धत आली. याहूने एक बनवली होती, सिस्कोने दुसरी. दोन्ही मिळून २००७ साली 'डीकेआयएम' झाली.

इथे दोन किल्ल्या असतात. खाजगी किल्ली वाचनालयाच्या मेल सर्व्हरवर, कुलूपबंद. जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा मजकूर आणि मुख्य मथळे यांच्यावरून ती किल्ली एक सही काढते आणि ती पत्राच्या माथ्यावर चिकटते. दुसरी, सार्वजनिक किल्ली टीएक्सटी नोंदीत. घेणारा ती उचलतो आणि सही तपासतो. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी वाटेत बदलला, तरी सही जुळत नाही. नगरधनच्या मुद्रेत जे नव्हतं ते इथे आहे. मातीच्या ठशावरून शिक्का घडवता येत होता, पण सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढता येत नाही. अट एकच, किल्ली पुरेशी मोठी हवी.

ही अट किती महत्त्वाची, हे २०१२ साली उघड झालेल्या एका प्रकारात झॅकरी हॅरिस या गणितज्ञाने गुगललाच दाखवून दिलं. त्याला नोकरीबाबत गुगलचा मेल आला. खरा की खोटा म्हणून त्याने माथ्यावरची सही पाहिली, तर किल्ली केवळ ५१२ बिटची. त्याला वाटलं, ही आपल्या परीक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली फट असणार. भाड्याच्या संगणकांवर तीनेक दिवस आणि ७५ डॉलरच्या आसपास खर्च केला, तर अशी किल्ली फुटते, असं त्याचं गणित होतं. त्याने ती फोडली आणि गुगलच्या दोघा संस्थापकांना एकमेकांच्या नावाने मेल पाठवले. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी गुगलची किल्ली मात्र २०४८ बिटची झाली.

आज २०४८ बिटची किल्ली रूढ आहे, आणि तिथे १९८७ ची ती २५५ ची मर्यादा आडवी येते. अशी किल्ली अक्षरांत लिहिली की तिची लांबी ३९२ होते. म्हणजे दोन तुकडे करायलाच हवेत. काही होस्टिंग कंपन्यांच्या फॉर्ममध्ये ते आपोआप होतं, काहींत पुढचं छाटलं जातं आणि कोणी सांगतही नाही. वेबसाइटवाला मग 'रेकॉर्ड तर टाकला आहे, मेल स्पॅममध्ये का जातोय' म्हणून डोकं धरून बसतो. शेवटची अक्षरं मोजून पाहिली की उलगडा होतो.

घरमालकाचं म्हणणं

दोन पद्धती आल्या, तरी एक प्रश्न राहिला. सही जुळली नाही, यंत्र यादीत नाही, तर घेणाऱ्याने काय करायचं? शिवाय मेलमध्ये पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक सर्व्हर आपापसांत वापरतात, दुसरा वाचणाऱ्याला दिसतो. पहिल्याची तपासणी बिनचूक होऊन दुसऱ्या जागी भलतंच नाव असू शकतं.

या दोन्हींवर २०१२ साली 'डीमार्क' पुढे आलं आणि २०१५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ही तिसरी टीएक्सटी नोंद. ती डोमेनच्या नावाआधी 'अंडरस्कोअर डीमार्क' जोडून ठेवतात. दिसणारं नाव आणि तपासलेलं नाव जुळलंच पाहिजे, ही तिची पहिली अट. दुसरं, ती मालकाचं म्हणणं सांगते. 'पी=नन' म्हणजे न जुळणारं पत्रही जाऊ द्या, फक्त मला कळवा. 'क्वारंटाइन' म्हणजे बाजूला काढा. 'रिजेक्ट' म्हणजे दारातूनच परत पाठवा. कळवायचा पत्ता त्याच ओळीत असतो, आणि जगभरचे मोठे मेल सर्व्हर तिथे तुमच्या नावाने किती पत्रं आली, कुठून आली, याचे अहवाल धाडतात. पहिला अहवाल उघडला की आपल्या नावाने परदेशातून कोण कोण लिहितंय, हे पाहून बऱ्याच जणांचे डोळे उघडतात.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी हा विषय ऐच्छिक ठेवला नाही. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवायचे तर तिन्ही नोंदी हव्यात. त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही निदान एक तरी लागते. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही तसंच केलं. प्रवेशाच्या दिवसांत हजारो विद्यार्थ्यांना मेल करणाऱ्या कॉलेजला आता या ओळींवाचून चालत नाही. 'पी=नन'वर मात्र पुष्कळ जण कायमचे थांबतात. मुद्रा कोरली, पण खोटी पत्रं आत सोडायला सांगून ठेवली, असा तो प्रकार.

याच रकान्यात आणखी काय काय

मेलसाठी रुळलेली ही वाट पुढे बाकीच्यांनीही धरली. 'हे डोमेन माझं आहे' असं गुगलला किंवा मायक्रोसॉफ्टला पटवायचं, तर ते एक विचित्र अक्षरमाळ देतात आणि ती तुमच्या टीएक्सटी नोंदीत ठेवायला सांगतात. ठेवता आली म्हणजे वहीवर तुमचा ताबा आहे. वेबसाइटच्या पत्त्यापुढच्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'सारखी संस्था फुकट देते, तीही याच रीतीने खात्री करून घेऊ शकते. या खुणा काम झाल्यावर बरेच जण पुसत नाहीत. त्यामुळे एखाद्या मोठ्या संस्थेच्या टीएक्सटी नोंदी वाचल्या, की ती कोणकोणत्या कंपन्यांच्या सेवा वापरते किंवा कधीकाळी वापरत होती, याची यादीच हाती येते. ती चोरांच्याही हाती येते.

मोकळा रकाना म्हटल्यावर वाईट कामंही आलीच. २०१७ साली सिस्कोच्या टॅलोस गटाने असा व्हायरस दाखवला, जो आपल्या धन्याच्या आज्ञा टीएक्सटी नोंदींतून वाचत होता. कार्यालयाचं फायरवॉल सगळं अडवतं, पण नावं शोधायची वाट बंद करत नाही, याचा त्याने फायदा घेतला. त्याआधी २०१४ मध्ये अकामाई कंपनीला वेगळाच खेळ दिसला. कोणीतरी व्हाइट हाउसच्या पत्रकांतला मजकूर टीएक्सटी नोंदींत भरून ठेवला होता. वाचण्यासाठी नव्हे, नोंद अवजड व्हावी म्हणून. मग दुसऱ्याच कोणाच्या पत्त्याने ती नोंद मागवायची. चिमुकल्या प्रश्नाचं भलंमोठं उत्तर त्या बिचाऱ्याच्या दारात जाऊन आदळतं. इथेही मूळ दुखणं तेच: विचारणाऱ्याने आपला पत्ता खोटा सांगितला आणि तो तपासला गेला नाही.

नाव कोणाचं

भारताचं '.इन' हे नाव मे १९८९ मध्ये मिळालं, ते मुंबईत जुहूला असलेल्या एनसीएसटी या संस्थेला. तिचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. २००५ पासून '.इन'चा कारभार 'निक्सी' या संस्थेकडे आला आणि नावं सर्वांना खुली झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये '.भारत' आलं, ज्यात मराठी नाव नागरीत लिहिता येतं. डीएनएसच्या पोटात मात्र ते रोमन वेशातच जातं. 'भारत'चं तिथलं रूप 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं आहे.

नावं खुली झाल्यावर फसवणुकीनेही कूस बदलली. दुसऱ्याचं नाव चोरण्यापेक्षा त्याच्यासारखं दिसणारं नाव शे-पाचशे रुपयांत विकत घेणं सोपं. मधे एक आडवी रेघ, एखादं जास्तीचं अक्षर. मग त्या नव्या डोमेनखाली तिन्ही टीएक्सटी नोंदी अगदी शास्त्रशुद्ध लिहायच्या. मेल सगळ्या चाचण्यांतून पार होतो, कारण तो खरोखर त्याच नावाहून आलेला असतो. नोंदी खोटं बोलत नाहीत. त्या एवढंच सांगतात की हा निरोप या नावाचाच आहे. नावामागचा माणूस भला की बुरा, हे त्यांना माहीत नाही. शिक्का खरा असला तरी आतला मजकूर वाचावाच लागतो, हे ताम्रपटांच्या अभ्यासकाला पूर्वीपासून ठाऊक आहे.

रिझर्व्ह बँकेने यावर नावाच्याच बाजूने उपाय केला. बँकांनी आपली डोमेनं '.बँक.इन'खाली न्यावीत, असं २०२५ मध्ये सांगून ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही नावं देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. तिथे वाटेल त्याला नाव मिळत नाही, म्हणून शेवटचे दोन अक्षरसमूह बघूनच बराच निवाडा होतो.

संशय आला तर कोणीही पडताळा घेऊ शकतो. संगणकावर जीमेल उघडून पत्राच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांखाली 'शो ओरिजिनल' दाबलं, की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींचा निकाल नावानिशी दिसतो. 'पास' आहे का हे तर बघाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पास कोणत्या नावाला मिळालं ते एकेक अक्षर लावून वाचा. विंडोजच्या काळ्या खिडकीत 'एनएसलुकअप -टाइप=टीएक्सटी' आणि पुढे डोमेनचं नाव लिहिलं, की कोणत्याही संस्थेच्या ओळी समोर येतात.

लहान गावांतल्या संस्थांची खरी मेख यापुढे आहे. वाचनालय, पतसंस्था, देवस्थान, शाळा यांची डोमेनं पुष्कळदा संस्थेच्या नावावर नसतात. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने ती आपल्या खात्यातून, आपल्या मोबाइल नंबरवर घेतलेली असतात. पुढे तो पुण्याला नोकरीला जातो. मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या मेलवर येत राहते. नाव सुटतं आणि कोणीही ते घेतो. घेणारा त्याच नावाखाली नवी यादी, नवी किल्ली, नवी अट लिहितो, आणि त्या दिवसापासून जगातला प्रत्येक मेल सर्व्हर त्याची पत्रं संस्थेचीच म्हणून मान्य करतो. इथे कुठलीही चाचणी नापास होत नाही. म्हणून या लेखातली तिन्ही नावं विसरलात तरी चालेल, पण कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत एक विषय घ्या: आपल्या डोमेनचं लॉगिन कोणाकडे आहे, ते संस्थेच्या नावावर आहे का, आणि मुदत कधी संपते. उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवा.